घटस्फोटाची नक्कल

मुक्ताचा पहिला फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. नाव ऐकल्याबरोबर कणकेच्या हातानंच फोन बंद केला. नाहीतर काय करणार? ज्या बाईबरोबर माझा नवरा राहतो (माजी नवरा, बरं का, माजी!) तिच्याशी मी काय हवापाण्याच्या गप्पा मारायच्या? आता खरं सांगायचं तर तिनं माझा संसार मोडला नव्हता. तो राजसनं आणि मी मिळून ती यायच्या कितीतरी आधी मोडून ठेवला होता. पण राग यायला कारण लागतंच असं कुठंय?

दुसऱ्यांदा फोन आला, तोही कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा चिडून उचलला, म्हटलं आता एकदा हिला झाडतेच.

"वृंदाताई, प्लीज ठेवू नका," ती म्हणाली. "राजसला कॅन्सर आहे. स्वादुपिंडाचा. डॉक्टर म्हणतात, फार तर होळीपर्यंत."

जानेवारी चालू होता. खिडकीबाहेर डब्लिनहून दूर, पश्चिमेच्या या कासलबार गावाचा तो कायमचा ओला, राखाडी उजेड. मी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले. तोंडातून काय निघावं? "मला ताई म्हणू नकोस," एवढंच.

"बरं," ती म्हणाली, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा ताई. "आम्हाला लग्न करायचंय, ताई. तो आहे तोवर. त्यासाठी तुमच्या घटस्फोटाची कॉपी लागतेय आणि ती मला कुणी देत नाहीये."

तेव्हा कुठे मला सगळं कळलं. इथे लग्न करायचं तर रजिस्ट्रारला तीन महिने आधी कळवावं लागतं. माणूस मरणाच्या दारात असेल तर कोर्ट त्यातून सूट देतं. पण आधीचं लग्न मोडल्याची कोर्टाची सर्टिफाइड कॉपी, आपल्याकडे नक्कल म्हणतात ती, तिच्यावाचून पान हलत नाही. राजसकडे ती होती. दीड वर्षापूर्वी त्याचे आईवडील सांगलीहून राहायला येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या हाती लागू नये म्हणून शहाण्यानं ती ऑफिसच्या श्रेडरमध्ये घातली. आईवडील आलेच नाहीत. आधी वडील गेले, मग करोना आला.

मुक्ता डब्लिनमधल्या ग्रँड कॅनाल डॉकच्या एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर. जगातली कुठलीही गोष्ट नेटवर सापडते अशी या लोकांची श्रद्धा. तिनं 'काउंटी घटस्फोट रेकॉर्ड' असं शोधलं, तर निघाल्या सगळ्या अमेरिकेच्या वेबसाइटी. नाव टाका, काउंटी निवडा, दोन मिनिटांत रेकॉर्ड हजर! हिनं नावही टाकलं. मेयो, म्हणजे कासलबारची काउंटी, त्या यादीत असणार कुठून? आणि मुळात तिला मेयो माहीतच नव्हती. राजसनं तिला 'डब्लिनलाच झालं असेल' एवढंच सांगितलेलं. असेल! स्वतःच्या घटस्फोटाबद्दल माणूस 'असेल' म्हणतो! मॉर्फिनवर होता, म्हणून सोडून दिलं मी.

तिनं डब्लिनच्या कोर्टाला लिहिलं. त्यांनी कळवलं, आमच्याकडे अशी केस नाही. ते दोघं ड्रोहेडाला राहत होते म्हणून मग लाउथ काउंटीला लिहिलं. तिथेही नाही. शेवटी राजस एका दुपारी जरा शुद्धीत होता तेव्हा म्हणाला, कासलबार. मग कासलबारच्या सर्किट कोर्टाचं सभ्य उत्तर आलं: घटस्फोटाची प्रकरणं इथे बंद दाराआड चालतात, कागद फक्त त्या दोघांपैकी एकालाच मिळतो, तोही लेखी अर्ज आणि फोटोचं ओळखपत्र दिल्यावर. बाहेरच्या माणसाला नाही.

"आणि मी बाहेरची," मुक्ता म्हणाली. "त्याच्या हातात पेन दिलं होतं, ताई. सही येत नाहीये आता त्याला."

राहता राहिले मी.

कासलबारच का, हे तिनं विचारलं नाही, पण मी सांगितलं. म्हटलं ऐकूनच घे. ड्रोहेडाला किंवा डब्लिनला अर्ज केला असता तर कोर्टाच्या पायऱ्यांवर मराठी मंडळातलं कुणी ना कुणी भेटलं असतं. गणपतीच्या आरतीला ताट घेऊन उभ्या राहणाऱ्या बायका, त्यांना काय, संध्याकाळपर्यंत बातमी सांगलीत. म्हणून मी वेगळी राहायला लागले तीच मुळी देशाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे मराठी माणूस औषधालाही सापडत नाही. चार वर्षं वेगळं राहिल्याशिवाय तेव्हा घटस्फोट मिळत नसे. ती चारही वर्षं, आणि नंतरही, त्याच्या आईला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. 'वृंदाची नोकरी लांब आहे, सुट्टीला येते,' एवढंच. दिवाळीला, गणपतीला, तिच्या वाढदिवसाला मी साडी नेसून, टिकली लावून व्हिडिओ कॉलला बसायची. एका खिडकीत मी, दुसऱ्या खिडकीत राजस, आणि सांगलीहून आई म्हणायच्या, "काय गं, वाळलीस की! खातीस का न्हाई काही?" लॉकडाउन लागल्यावर तर आमचं फावलंच. वृंदा तिकडे अडकलीये म्हटलं की झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मला माहितीये," मुक्ता शांतपणे म्हणाली. "कॉल चालू असायचा तेव्हा मी स्वयंपाकघरात बसायचे. कुकरसुद्धा लावायचे नाही, शिट्टी ऐकू येईल म्हणून."

मी फोन ठेवला आणि त्याच दिवशी कोर्टाला ईमेल केला.

कोर्टाच्या ऑफिसातली बाई मोठी गोड. पण काउंटर करोनामुळे बंद, येणं फक्त वेळ घेऊन, आणि केसचा रेकॉर्ड नंबर हवा. मी माझ्यासाठी नक्कल कधी काढलीच नव्हती, मग नंबर माझ्याकडे कुठला? मी काय तो गोंदवून घेतला होता? वकिलाला फोन केला, तर तो घरून काम करतोय आणि फायली ऑफिसात. आठवडा असा, आठवडा तसा. रोज संध्याकाळी मुक्ताचा मेसेज यायचा. 'काही कळलं?' एवढाच. मला राग यायचा, मग स्वतःचाच राग यायचा. कधी पुढे तिचं आणखी एखादं वाक्य असायचं. 'आज दोन चमचे पेज घेतली.' 'आज ओळखलं नाही मला.' 'आईंना कावीळ म्हणून सांगितलंय, त्या उसाचा रस द्या म्हणतात.' उसाचा रस! ड्रोहेडात, जानेवारीत! मी हसले आणि हसता हसता बेसिनपाशी उभी राहून रडले. ज्या माणसाशी माझं एका खोलीत पटलं नाही, तो मरतोय म्हणून मला रडू यावं, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

शेवटी नंबर सापडला, अर्ज गेला, बोलावणं आलं. मी सकाळी कोर्टात गेले. काचेपलीकडच्या त्या बाईनं माझं इथल्या रहिवासाचं फोटोचं कार्ड पाहिलं. त्यावर अजून 'वृंदा राजस अथणीकर'च. नाव बदलायचं तर पासपोर्ट बदलायचा, पासपोर्टासाठी पोलिस सांगलीच्या पत्त्यावर चौकशीला जाणार, आणि मग आईंना कळणार. म्हणजे घटस्फोट घेतला, पण नाव तसंच राहिलं. बाईनं शिक्का मारलेला लिफाफा खालच्या फटीतून सरकवला आणि म्हणाली, "ग्रँड. ऑल ग्रँड नाऊ." इथे सगळंच ग्रँड, म्हणजे झकास, असतं. पाऊस पडला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड.

लिफाफा पर्समध्ये घालून मी गाडीपाशी आले. पोस्टात टाकावा की सरळ कुरिअर करावा, या विचारात होते, तेवढ्यात फोन वाजला. ड्रोहेडाचा नंबर.

"मिसेस अथणीकर? तुम्ही राजसच्या पत्नी ना?"

नर्स होती. पहाटे ताप चढून राजस बेशुद्ध झाला होता, अॅम्ब्युलन्सनं त्याला तिथल्या हॉस्पिटलात आणलं होतं. कॅन्सरचे उपचार डब्लिनला चालले होते, त्यामुळे ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात त्याची ओळख म्हणजे जुना रेकॉर्ड. पूर्वी आम्ही दोघं तिथे राहत असताना त्याला मुतखड्यासाठी भरती केलं होतं, तेव्हाचा. जवळची व्यक्ती: पत्नी, वृंदा. खाली माझा नंबर. त्याखाली आईंचा, सांगलीचा. राजसनं तो कधी बदलला नव्हता. असली कामं त्यानं आयुष्यात कधी केली नाहीत.

"तुम्हाला यायचं असेल तर लगेच निघा," ती म्हणाली. "करोनामुळे कुणाला सोडत नाही, पण आता... एका माणसाला सोडू."

"तिथे मुक्ता असेल," मी म्हटलं. "तिला सोडा. मी... आमचा घटस्फोट झालाय."

ती फार हळुवारपणे म्हणाली, दाराशी एक मैत्रीण थांबलीय म्हणे, पण फोनवर सांगितलं म्हणून मी असं कुणाला आत घेऊ शकत नाही. तुम्ही पत्नी नसाल तर मला त्यांच्या आईला फोन लावावा लागेल. भारतातल्या नंबरावर. लावू?

माझ्या डोळ्यांपुढे सांगलीचं ते घर उभं राहिलं. आई एकट्या, दुपारची वामकुक्षी आटोपून चहाला आधण ठेवतायत, आणि फोनवर इंग्रजी बोलणारी परकी बाई. मुलगा मरतोय आणि सून सून नाही, दोन्ही एका दमात.

"नको," मी म्हटलं. "मी येते. मी त्याची बायकोच आहे."

कासलबार ते ड्रोहेडा म्हणजे देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेव्हा घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी. वाटेत गार्डांनी, इथल्या पोलिसांनी, अडवलं. पोरगेलासा पोलिस, मास्क नाकाखाली घसरलेला. कुठे चाललात? "हॉस्पिटलात. माझा नवरा मरतोय," मी म्हटलं. तो चटकन बाजूला झाला, "गॉड, आय'म सॉरी," म्हणाला आणि हात करून रस्ता दिला. पर्समध्ये लिफाफा होताच. त्यातला कागद खरा आणि माझं बोलणं खोटं, पण खऱ्या कागदावर मला त्या रस्त्यानं कुणी सोडलं नसतं. सबंध वाटेत मी राजसला शिव्या घातल्या. मोठ्यानं, मराठीतून, एकटीच. कधी एक फॉर्म भरला नाहीस, मेल्या, कधी एक गोष्ट निस्तरली नाहीस. जाताना पण माझ्याच गळ्यात!

हॉस्पिटलच्या दारापाशी मुक्ता उभी होती. मी तिला फोटोतही नीट पाहिलं नव्हतं, पण ओळखलं. बुटकीशी, माझ्याच चणीची, अंगावर राजसचं जाकीट. पहाटेपासून तशीच उभी होती. मला पाहिल्यावर पुढे आली आणि करोनाचं भान येऊन मध्येच थांबली.

"आणलात?" तिनं विचारलं.

मी लिफाफा काढून दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. मग आम्हा दोघींच्याही लक्षात आलं, की आता या कागदाचं करायचं काय? लग्न लावायला माणसानं स्वतःच्या तोंडानं 'हो' म्हणावं लागतं. आत जो पडला होता तो आता कशालाच हो म्हणणार नव्हता. मुक्तानं तो लिफाफा उघडलासुद्धा नाही.

दारावर नुकत्याच पाळी बदलून आलेल्या माणसानं हाक मारली. "अथणीकर? वाइफ? चला, लवकर. एकच जण."

मी तोंड उघडलं होतं. सांगणार होते, मी नाही, ही. हा घ्या कागद, हे बघा. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. हा कागद मी कोण नाही हे सांगतो. मुक्ता कोण आहे हे सांगणारा कागद या जगात कुठेच नाही. मी तो दाखवला तर माझ्या शब्दाला किंमत उरणार नाही, आणि आम्ही दोघीही दाराबाहेर. मग आत वॉर्डात विचारपूस, मॅनेजर, सांगलीला फोन. आणि राजस तोवर थांबणार होता थोडाच!

मी पर्समधून ते फोटोचं कार्ड काढून तिच्या हातात कोंबलं.

"जा. वृंदा म्हणून जा."

"ताई..."

"अगं जा ना बाई! मास्क लाव. त्यांना आपण सगळ्या सारख्याच दिसतो."

ती गेली. त्या माणसानं कार्डाकडे पाहिलंही नाही. तिच्या हातावर सॅनिटायझर ओतला, अंगात प्लॅस्टिकचा गाऊन, तोंडावर काच. दार बंद झालं. मी तिच्या हातून पडलेला लिफाफा उचलून गाडीत येऊन बसले. समोर पार्किंगमध्ये एक म्हातारं जोडपं गाडीतच सँडविच खात होतं. मला एकदम भूक लागली आणि तिची लाजही वाटली.

ती बाहेर आली ती पाय ओढत. गाडीचं दार उघडून शेजारी बसली. गेला, असं म्हणाली नाही, म्हणायची गरजही नव्हती.

मास्क हनुवटीखाली ओढून बोलली. "नर्स चांगली होती. सारखी त्याच्या कानाशी वाकून सांगत होती, 'वृंदा आलीय, राजस. युवर वाइफ इज हिअर. वृंदा इज हिअर, लव्ह.'"

मी डोळे मिटून घेतले.

"मी म्हटलं ना, मराठीतनं म्हटलं, अरे मी आहे, मुक्ता. तिला काय कळणार. पण माझ्या तोंडावर मास्क, वर ती काच, शेजारी मशीनचा आवाज. ती म्हणते वृंदा, मी म्हणते मुक्ता. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ताई. कुणाचं नाव ऐकून आलं?"

"तुझं," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"माझ्या नावानं त्याच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही. मी संसार केलाय त्याच्याशी."

ती हसल्यासारखं करायला गेली आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मी तिचा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार होता आणि त्यात अजून माझं कार्ड होतं.

सांगलीला कळवणं भागच होतं. मी राजसच्या चुलतभावाला, रमेशदादांना फोन केला. तुम्ही घरी जा, समोर बसून सांगा, म्हटलं. बाकी काही बोलले नाही. आम्ही तिथेच गाडीत बसून राहिलो. काचांवर आमचाच श्वास धरला होता. आणि मग मला ज्याची भीती होती तेच झालं. फोनवर आईंचं नाव झळकलं. व्हिडिओ कॉल.

मुक्तानं नाव वाचलं. ती दाराकडे सरकली, कॅमेऱ्यात येणार नाही इतकी. सवयीनंच. तिला कुणी सांगावं लागलं नाही.

आईंचा चेहरा आला. केस सुटलेले, मागे बायकांचे आवाज. मला बघितलं आणि त्यांचा बांध फुटला. "वृंदा! अगं काय झालं गं हे? कावीळच हुती न्हवं? कावीळनं कुणी मरतंय का?"

"आई," मी म्हटलं.

"तू हुतीस न्हवं जवळ? एकटा न्हवता न्हवं माझा लेक?"

"होते, आई. एकटा नव्हता."

"पाणी घातलंस तोंडात?"

मी नजर वळवली. मुक्तानं मान हलवली, हो. नर्सनं दिलेल्या बोळ्यानं तिनं त्याचे ओठ भिजवले होते.

"घातलं, आई."

"लई केलंस गं. त्याच्या शेवटाला तू हुतीस, माझा जीव निवला. आता कपाळाची टिकली काढू नकोस हां. कोण काय बोललं तर माझ्याकडं धाड. तू माझी सून न्हाईस, लेक हायस. माझ्या राजसची तेवढीच खूण राहिली आता मला."

माझे डोळे कोरडे ठक्क होते. मी बघत राहिले. आणि शेजारून, दाराला चिकटून बसलेल्या मुक्तानं तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते तरी आवाज आलाच. पहाटेपासून कोंडलेलं सगळं, आतड्यापासून आलेलं.

आई थबकल्या. डोळे पुसून त्यांनी स्क्रीनकडे निरखून पाहिलं. "कोण रडतंय गं तिथं?"

मी कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला.

"मीच, आई," मी म्हटलं.